वाकळीतली चिन्हं

तुम्हीच केलं हे. कागद तुम्ही जाळलेत, गोळ्या बंद करायला तुम्ही सांगितलं, आणि पोरगी आडवी झाल्यावर बोट मात्र तिच्या आईकडं दाखवून मोकळे झालात. तुमचं नाव इथं घेत नाही. जालन्यात मस्तगडच्या त्या हॉलात डोळे मिटून बसणारे सगळे तुम्हाला ‘सर’ म्हणतात, तेवढं पुरे. आता कांताबाईचं ऐका. तुम्ही ते अजून ऐकलेलंच नाही.

कांताबाई परतूरची. नवरा मच्छिंद्र कापसाच्या जिनिंगवर कामाला. लेक एकच, बेबीनंदा. तिला लहानपणापासून फिट यायची. गोळ्यांनी फिट थांबली होती, पण गोळ्यांनी पोरगी पेंगायचीही. वर्गात बाकावर डोकं टाकायची, बोलताना शब्द घरंगळायचे, दहावीत दुसऱ्यांदा बसली होती. गल्लीतल्या पोरी तिला ‘झोपाळी’ म्हणायच्या. गोळ्यांवाचून आपली पोर कशी दिसंल, कशी हसंल, ते एकदा बघावं, एवढीच कांताबाईची हाव. एवढ्या हावेवर तुमचं दुकान चाललं.

तिला तिथं नेलं पुष्पाबाईनं. पुष्पाबाई शाळेत शिकवायच्या, मागच्याच गल्लीत राहायच्या. “माझी अर्धशिशी गेली बघ कांता. जपानी रेकी म्हणतात, नुसता हात ठेवायचा. बिलकुल औषध न्हाई.”

मच्छिंद्र हसला. “बाबासाहेबांनी गंडेदोरे सोडायला लावले, अन् तू जपानी गंडा बांधून ये.”

“ही रेकी भगवान बुद्धाच्याच वाटंनं जपानात गेल्ती, असं पुष्पाबाईंचे सर म्हनत्यात,” कांताबाई म्हणाली. त्यावर मच्छिंद्रनं भिंतीकडं बघितलं. तिथं बुद्धाचाच फोटो. त्या नावाला तो नाही कसं म्हणणार? तुम्हाला हे ठाऊक होतं. वर्गात कोण कुठल्या घरातून आलंय ते पाहून तुम्ही कुणाला बुद्ध सांगायचात, कुणाला शंकर.

पहिल्या पातळीत हात ठेवायला शिकवलं. दुसऱ्या पातळीत चिन्हं दिली. शक्ती वाढवायला चोकुरे, जिलबीसारखं गोल गोल फिरणारं. मनाच्या दुखण्याला सेहेकी. आणि दूरच्या माणसाला शक्ती पाठवायला ते लांबलचक होनशाझेशोनेन, थोडक्यात होन. ते तर एकावर एक रचलेलं, वर छपरासारखं, मधी आडव्या रेघा, खाली पळत्या माणसाचे पाय असावेत तसं. दिवसभर सगळ्यांनी बोटानं हवेत गिरवलं. संध्याकाळी तुम्ही पितळेच्या ताटात सगळ्यांचे कागद गोळा केले आणि काडी लावली.

“चिन्ह कागदावर राहिलं की बाटतं,” तुम्ही म्हणालात. “मनात ठेवा.”

बाटतं. हा शब्द कांताबाईच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर ऐकलेला.  पण लेकीसाठी तिनं तोही गिळला.

निघताना तिनं विचारलं, “सर, गोळ्यांचं काय करू?”

“गोळी म्हणजे शंका,” तुम्ही म्हणालात. “घरात शंका असली की शक्ती दारातून परत जाते.”

परतूरला येईस्तोवर तिला धसका बसला. सातवी शिकलेली बाई. ते लांबलचक चिन्ह डोक्यात राहील कसं? विसरलं तर? कागदावर काढायची तर बंदी. मग तिनं तिच्या हाताला येत होतं ते केलं. जुन्या लुगड्याची वाकळ शिवायला काढली होती, तिच्या आतल्या अंगाला लाल दोऱ्यानं तिन्ही चिन्हं टाचली. कागदावर नाही, म्हणजे बाटायचं नाही. आणि लेकीच्या अंगावर रोज शक्तीचं पांघरूण. ती वाकळ बेबीनंदा घेऊन निजायला लागली. कांताबाई वेणी घालता घालता तिच्या डोक्यावर चोकुरे काढायची, पोर शाळेत गेली की तिचा फोटो तळहातांत धरून होन पाठवायची. गोळ्यांची पाकिटं पत्र्याच्या डब्यात गेली.

आणि पोरगी खरंच जागी झाली! शब्द स्वच्छ आले. धुणं धुताना गाणं म्हणायला लागली. मच्छिंद्रसुद्धा म्हणाला, “पोरगी मोकळी होऊन राह्यली बरं का.” थोडे दिवस ते घर इतकं हसलं की कांताबाईला भीती वाटायची.

एका दुपारी पाणी भरताना बेबीनंदा हंड्यासकट पडली. एक फिट थांबते न थांबते तोच दुसरी. दात बसले, ओठ निळे पडले. रेल्वेनं नेण्याइतका दम नव्हता, कुणाचीतरी जीप धरून औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. फिट थांबली. पोर मात्र शुद्धीवर आली नाही.

“गोळ्या कुणी बंद केल्या?” डॉक्टरनं विचारलं.

कांताबाईनं खाली बघितलं. मच्छिंद्रनं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यानं तिला आत जाळलं.

आतल्या खोलीत सोडत नव्हते. ती दाराबाहेर फरशीवर बसली, फोटो हातात धरून त्यावर बोटानं होन गिरवू लागली. भेटायला आलेल्या पुष्पाबाईंनी ते पाहिलं आणि तिचं मनगट धरलं.

“अगं, ही आडवी रेघ कुठून आणली? इथं एकच रेघ.”

“दोन हायेत, बाई.”

“एक! मी काय झोपले होते का वर्गात?”

“मंग मी झोपले होते का?”

दोघी दवाखान्याच्या फरशीवर बोटं फिरवत भांडल्या. एकाच दिवशी, एकाच माणसाकडून, एकाच ताटात कागद जाळून आलेल्या दोन बायका, आणि दोघींचं चिन्ह वेगळं. शेवटी पुष्पाबाईच म्हणाल्या, “चल, सरांना फोन लावू.”

एसटीडी बूथवरून कांताबाईनं वाकळीचं सांगितलं, ते ऐकून तुम्ही म्हणालात, “अंथरुणात टाकलं? पायाखाली? चिन्हही चुकलं असणार. शक्ती उलटली. मी तरी काय करू! शुद्ध चिन्ह काढून पुन्हा पाठवा, मुलगी उठेल.”

“कुठं चुकलं सर?”

“फोनवर चिन्ह सांगता येत नाही,” आणि फोन ठेवलात.

म्हणजे पोर उठू शकते. फक्त रेघ कळली पाहिजे. आणि रेघ एकट्या तुम्हाला ठाऊक. बाई त्या दिवसापासून जेवली नाही. आपल्याच हातानं लेकीवर उलटं काहीतरी ओढलं, की आपण नुसतं कुणाचं तरी ऐकलं? ह्या दोन्हीतलं एक खरं कळल्याशिवाय तिला दाराबाहेर बसवेना. मच्छिंद्र पोरीपाशी थांबला. तिनं घरून आणलेली वाकळ गुंडाळली आणि जालन्याची बस धरली. रविवार होता, तुमचा वर्ग होता.

“वैनी, गोधडी घेऊन नांदायला निघाल्या का?” कंडक्टर म्हणाला.

“सोडचिठ्ठी द्यायला,” कांताबाई म्हणाली. कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं.

हॉलात बासरीची कॅसेट चालू होती. नवे लोक, पहिल्या पातळीचे, मांडीवर हात पालथे ठेवून डोळे मिटून बसलेले. कांताबाईनं मधोमध वाकळ उलटी करून पसरली. लाल दोरा खिडकीतल्या उन्हात उठून दिसला. एकेकानं डोळे उघडले.

तुम्ही गादीवरून उठलात. “झाका ते! ह्यांनी अजून बघायचं नसतं!” आणि स्वतःच्या अंगावरची शाल ओढून वाकळीवर टाकली.

कांताबाईनं शाल बाजूला केली.

“बाई, बाहेर चला, शांतपणे बोलू.”

“बाहेर न्हाई. लेकीच्या दाराबाहेर बसले तितकं बास झालं.” तिचा आवाज फाटला. “बराबर हाये का हे, तेवढं सांगा.”

“तुमची श्रद्धा कमी पडली.”

“श्रद्धा कमी असती तर गोळ्या सोडल्या असत्या का मी?”

पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “सर, एक बार सांगून टाका ना. बिचारीची लेक हाये.”

तुम्ही कॅसेटचा आवाज वाढवलात. हेच तुम्ही केलंत, सर. आवाज वाढवलात.

कांताबाईनं चालत जाऊन टेपचं बटण दाबलं. बासरी मेली. मग ती वाकळीपाशी गुडघ्यावर बसली, कनवटीची सुई काढली, होनच्या त्या दुसऱ्या आडव्या रेघेखाली तिचं टोक घातलं. 

“ही रेघ चुकली असंल तर ही काढते. सगळंच चुकलं असंल तर सगळं काढते, जल्दी काढते, माझी पोर वाट बघून राह्यली. अन् चिन्ह बराबर असंल, तर मंग गोळ्या का बंद करायला लावल्या ते इथं, ह्या सगळ्यांच्या म्होरं सांगा.” तिनं वर बघितलं. “बोला सर. कुठून उसवू?”