माळ्यावरचा सूर्यास्त

दूधगंगेचा पूर कोगनोळीत शिरायच्या आधीच तारामतीनं चुरमुरे, गूळ, गाळलेलं पाणी, लढाईमुळं मिळेनासं झालेलं रॉकेलसुद्धा माळ्यावर चढवलं होतं. सूर्य तेवढा चढवता आला नव्हता. खाली गळ्याएवढं पाणी, बाहेर ढगांचा काळोख आणि शेजारी सासरे, पारिसाआप्पा. तिनं डबा उघडला की ते गुरकावत, "दिस बुडाला. जैनाच्या घरात आता खायाचं न्हाय!" कंदील होता, पण कंदिलानं काही दिवस उगवत नाही. पोटात कावळे कोकलत होते.

अचानक ढग फाटले. कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप सरळ आप्पांच्या टकलावर पडली. भर दुपार होती!

"आप्पा, बघा की! दिस डोक्यावर हाय."

आप्पांनी डोळे गच्च मिटून घेतले. "बुडाला म्हणलं की बुडाला!"