कावळा शिवेना

सकाळी आठ वाजता नदीच्या घाटावर सगुणाबाईंचा दहावा होता, आणि माइक बापूसाहेबांच्या हातात होता. औत सोडून राजकारणात आलेला, पाच वेळा आमदार झालेला माणूस. आमच्या भागात पुढाऱ्यानं लग्न चुकवलं तर खपतं, दहावा चुकवलेला खपत नाही. रोजचे तीन-तीन दहावे आणि भाषण एकच, नाव तेवढं बदलायचं.

“सगुणाबाई मला आईसमान होत्या. त्यांच्या हातची भाकरी मी जन्मात विसरणार नाही.”

भाकरी खरी होती. पहिल्या निवडणुकीत बापूसाहेबांना कुत्रं विचारत नव्हतं, तेव्हा ही धनगराची बाई त्यांच्यासाठी वस्तीवस्तीवर अनवाणी फिरली होती. बदल्यात मागितलं एकच: ओढ्यापलीकडच्या घरांना रस्ता. त्या रस्त्याचा नारळ बापूसाहेबांनी दोनदा फोडला, खडी एकदाही पडली नाही. दहा दिवसांपूर्वी म्हातारीच्या छातीत कळ आली आणि अँब्युलन्स ओढ्याअलीकडंच अडली. झोळीतून आणेपर्यंत सगळं संपलं. हे बापूसाहेबांना आज गाडीतून उतरताना कळलं, तरी तोंडातून भाषण तेच आलं. लाज तिथंच वाटायला लागली होती.

पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. लेकीनं सांगितलं, “आई, धाकटीचं लगीन करून दिऊ.” नातवानं दारू सोडायची शपथ घेतली. अर्धा तास गेला. मग एका म्हाताऱ्यानं बापूसाहेबांकडं पाहिलं आणि सगळा घाट पाहायला लागला.

“बापूसाहेब, तुमीच बोला. तिचा जीव रस्त्यात अडकलाय.”

ते पुढं झाले, हात जोडले. “सगुणाबाई, येत्या सहा महिन्यांत तुमच्या वस्तीला रस्ता देतो. हा माझा शब्द आहे.”

आवाज सभेतला निघाला. त्यांनाच तो ऐकवेना. कावळा जागचा हलला नाही. मागं कुणीतरी खाकरलं.

तेव्हा सगुणाबाईंचा थोरला, मल्हार, पिंडाजवळ आला. बापूसाहेबांकडं न बघता खाली वाकून म्हणाला, “आई, आता आमी कुणाच्या दारात रस्ता मागाया जाणार न्हाई. माझ्या वावरातनं वाट काढतो, दोन्ही पोरं घिऊन. तू जा.”

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मल्हार हात जोडून बापूसाहेबांजवळ आला. “आलात, लई बरं वाटलं. चहा घिऊन जावा.” त्यानं चिडायला हवं होतं, चार शब्द सुनवायला हवे होते. तो नुसताच पाहुण्याशी बोलावं तसं बोलला.

गाडीत पीएनं कागद पुढं केला. “साहेब, केडगावचा दहावा. तात्याबा म्हणून होते. आपण आईसमानच्या जागी वडिलांसमान म्हणायचं.”

बापूसाहेबांनी कागद घेतला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, “ह्यांनी माझ्याकडं काय मागितलं होतं रे?”

पीएला ते ठाऊक नव्हतं.