फ्लॉपीचं कपाळ

तं ऐका, सत्त्याऐंशी सालची गोष्ट. सीताबर्डीवर मधुकररावचा टायपिंग क्लास होता. अकरा टाइपरायटर, आणि मधुकररावनं मोठ्या हौसेनं आणलेला एक कॉम्प्युटर. आता कॉम्प्युटर म्हणजे कसा? सकाळी चालू केला का ठार वेडा! स्वतःचं नावगाव त्याले माहीत नाही. मंग त्याच्या तोंडात डॉसची फ्लॉपी सरकवाची, पोळीएवढी, काळी, चौकोनी. तो घर्र-घर्र करे, आणि मंग कुठं शुद्धीवर ये.

तं ही फ्लॉपी एकच होती, आणि ती चालवता येणारी पोरगीही एकच. शामला. बावीस वर्षांची, टायपिंग शिकवाले लागलेली. पुस्तक वाचून-वाचून तिनं एकटीनं डॉस शिकून घेतलं होतं. मधुकरराव म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली बॅच. चौदा पोरी हायेत. मशीन चाललं तं कॉम्प्युटरची मॅडम तू. नाही चाललं तं मी पुण्याहून माणूस बोलावतो, तू आपली टाइपरायटरवर बस."

शामलानं फ्लॉपी घरी नेली, उंदीर नाही तं मुंग्या लागतील म्हणून! कपाटात साड्यांच्या मधात ठेवली. कोऱ्या फ्लॉप्यांचा नवा डबाही सोबतच घरी आणला होता, पण तिची कॉपी काढाची राहून गेली.

आणि आली खंडेनवमी.

शामलाचे वडील मारोतराव इतवारीतल्या फोटो स्टुडिओत डार्करूमचं काम करत. नवमीले घरातल्या अवजारांची पूजा त्यांच्या घरी चुकत नसे. कॅमेरा, कात्री, सायकल, आणि यंदा पोरीचं अवजार. कपाट उघडलं, पाकिटातून फ्लॉपी काढली, पाटावर मांडली. आता कुंकू कुठं लावावं? काळ्या कव्हराले एक लांबट खिडकी होती, तिच्यातून आतली तपकिरी चकती चकचक करे. मारोतराव खूश! हेच कपाळ. ओल्या बोटानं ठसठशीत टिळा लावला, वरून दोन अक्षता चिकटवल्या, आणि वाळल्यावर होती तशी पाकिटात घालून ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी शामलानं पाकीट उघडलं, आणि मटकन खालीच बसली.

"बाबा! हे काय करून ठेवलं?"

"काहून वं? पूजा केली. सगळ्याची केली."

"अवं बाप्पा, तिथंच तं सारं लिहिलेलं राहते! मशीन तिथंच वाचते! केस लागला तरी मरते ते!"

मारोतरावचं तोंड उतरलं. शामलानं रुमालानं पुसाले हात उचलला, तं त्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. घासू नको, चरे पडतील." त्यांनी फ्लॉपी उजेडात धरली. बराच वेळ पाहिली. "हे तं फिल्मच आहे वं."

"फिल्म नाही बाबा, डिस्क आहे."

"तुले डिस्क, मले फिल्म. फिल्म धुवाले पस्तीस वर्षं झाली. एक कोरी दे त्यातली."

मंग काय! कव्हराची एक कड मारोतरावनं ब्लेडनं कापली आणि चकती अलगद बाहेर काढली, नुसती काठाले धरून. स्टुडिओत करत तसंच उकळून गार केलेलं पाणी, दोन थेंब साबण. बोट न लावता पाणी नुसतं वाहू दिलं. कुंकू लाल धारेनं उतरलं. मंग दोरा मधल्या भोकातून ओवून चकती पंख्यापासून दूर टांगली. शामला दर पाच मिनिटांनी विचारे, "वाळली?" ते म्हणत, "तू पाहून राहिली म्हणून वाळून नाही राहिली." वाळली तशी कोऱ्या फ्लॉपीचं पोट रिकामं करून त्यात घातली, कड चिकटवली, आणि दोघं सायकलनं बर्डीवर. क्लास बंद, किल्ली शामलाजवळ.

फ्लॉपी आत गेली. घर्र. थांबली. शामलानं डोळे मिटले. पुन्हा घर्र, घर्र, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं!

"बाबा, उठलं!"

मारोतरावनं चष्मा लावून वाचलं. "मंगळवार, एक जानेवारी ऐंशी? हे काय म्हणून राहिलं? कुंकवानंच बिघडलं का वं?"

"नाही बाबा. बंद केलं का याले तारीख आठवत नाही. रोज उठलं का ऐंशीचीच एक जानेवारी म्हणते. मंग आपण त्याले आजची सांगाची."

"रोज?"

"रोज."

मारोतराव स्टूल ओढून बसले. "ऐंशीत तुझी आई होती वं."

शामलाची बोटं कीबोर्डवरून उतरली. पडद्यावर एक रेघ लुकलुकत होती, तारखेची वाट पाहत.

"मंगळवारी उपास करे ती. माझ्या डब्यात बी भगरच देई. मी चिडलो का म्हणे, उपास माहा, तुम्ही नुसते सोबतीले." हसले जरासे. मंग म्हणाले, "टाक आता आजची. कॉपी काढाची आहे ना तुले. उद्या पोरी येतील."

"तुम्हीच टाका. महिना आधी, दिवस मागून."

त्यांनी एका बोटानं एकेक आकडा शोधून टाकला. एंटर दाबाले मात्र बराच वेळ लावला, आणि शामलानं त्यांना घाई केली नाही.