साचा चावतो

शेवंतीने काचेच्या कपाटावरचं बटण उचललं आणि सरळ दाताखाली धरलं.

"अहो बाई!" मनमोहनशेठ गल्ल्यावरून अर्धे उठले. "विलायती माल आहे तो!"

तिने बटण तोंडातून काढलं, पदराला पुसलं. शिंगच होतं. म्हशीचं, उकळत्या पाण्यात मऊ करून सपाट दाबलेलं, आणि तिच्याच काचकागदाने आरशासारखं घासलेलं. गिटारच्या तारा ताणायला वर ज्या चाव्या असतात, त्यांच्या टोकाला बोटांत धरायचं हे बटण. लालबागच्या खोलीत गेली दोन वर्षं ती आणि तिचा नवरा गुणाजी दुसरं काही करत नव्हते. आणि इथे गिरगावच्या दुकानात ते लाल मखमलीच्या डबीत ऐटीत बसलं होतं. डबीवर इंग्रजी अक्षरं.

गिटार घेऊन उभ्या असलेल्या बँडवाल्याला शेठ नुकतेच सांगत होते, "जर्मन आहेत. तुमची जुनी बटणं भुगा होऊन पडली ना? ह्यांना मरण नाही. आयात बंद झाली म्हणून जपून ठेवलीत."

"कुठली जर्मनी?" शेवंती म्हणाली. "सावंतवाडीच्या म्हशीचं शिंग आहे हे. ती म्हस जन्मात कधी बोटीत बसली नाय."

बँडवाला हसला. शेठ हसले नाहीत.

"शेवंतीबाई, गिऱ्हाइकासमोर असं बोलू नये. गुणाजी एवढे दिवस माल आणतोय, कधी तोंड उघडलं नाही त्याने."

"त्यांच्या वाटचं मी उघडते. बाहेर फळीवर खडूने काय लिहिलंय तुमच्या? झालाच पाहिजे! मुंबई आमची, महाराष्ट्र आमचा, आणि बटण तेवढं जर्मनाचं होय?"

शेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आज गुणाजीऐवजी तिने आणलेली नवी डझनभर बटणं त्यांनी फडक्यावर ओतली आणि एका बोटाने पसरली.

"तुमची ना ही? मग खूण दाखवा. एक रेघ दाखवा तुमची. हे साहेब साक्षीला आहेत. खूण दाखवलीत, तर डबीवर गुणाजीचं नाव घालतो."

शेवंतीने एकेक बटण उलटंपालटं केलं. बारा बटणं, बारा आरसे. कुठे ओरखडा म्हणून नव्हता, आणि तो ठेवला नाही हा तिचाच तर तोरा. नळावर कळशीची अदलाबदल झाली की चार बायकांना एकटी पुरून उरणारी ही बाई, पण इथे दाखवायला तिच्याकडे एक रेघही नव्हती. ती दाणदाण पाय आपटत पायऱ्या उतरली.

घरी आली तेव्हा गुणाजी कामगार मैदानावरच्या सभेला निघाला होता. उजव्या हाताला उरलेल्या तीन बोटांनी टोपी नीट करत होता. दोन बोटं गिरणीच्या लेथने घेतली होती. तिने चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली.

"बोटं गेली तेव्हा गप्प. गिरणीने हाकललं तेव्हा गप्प. आता तो शेठ तुमचं काम जर्मनाच्या नावावर खपवतो, तरी तोंडाला कुलूप! सभेत मात्र घसा फुटेस्तोवर ओरडायचं. एक खूण कित्याक नाय घातलात हो? एक साधी खूण?"

गुणाजीने तिच्या बैठकीपाशी पडलेल्या काचकागदाकडे पाहिलं.

"घातली असती, तर राहिली असती काय गो?"

"शेठ घासून काढील म्हणताय? हात तोडीन त्याचे."

गुणाजीने चपला घातल्या आणि गेला.

शेवंती फणफणत बसली. ह्यांना जमत नसेल तर आपण घालू खूण. साच्यातच एक खिळा ठोकला की झालं. तिने साचा पुढ्यात ओढला. गिरणीतल्या मागाचा मोडका लाकडी धोटा उभा चिरून गुणाजीने त्याच्या दोन फळ्या केल्या होत्या. मध्ये शिंगाचा गरम तुकडा ठेवायचा, स्क्रू आवळायचा, कडेच्या पितळी नळीतून भोक पाडायचं. तीन बोटांच्या माणसालाही तुकडा सुटू नये म्हणून केलेली युक्ती. पण साचा चावायचा. प्रत्येक बटणाच्या सपाट अंगाला अंगठ्याखाली काहीतरी खरखर लागायची. जवळचं तिला गेली काही वर्षं नीट दिसत नसे. पहिल्याच दिवशी तिने गुणाजीला सुनावलं होतं, "देवी आलेल्या तोंडासारखं बटण कोण घेईल?" आणि त्या दिवसापासून ती प्रत्येक बटण घासत होती, अंगठ्याला गुळगुळीत लागेपर्यंत. नखाजवळची कातडी पार सोलवटून गेली होती.

नवा खिळा मारायचा तर आधी हे चावणं काढायला हवं. तिने पकड शोधून जवळ ठेवली, पण नेमकं कुठे चावतो, ते कळावं कसं? तिने कुंकवाच्या करंड्यातलं मेण बोटावर घेतलं, त्याची गोळी केली, साच्यात ठेवून स्क्रू आवळला. मग चपटं झालेलं मेण अलगद सोडवून दारातल्या उजेडात हात लांब करून धरलं.

तीन टिंबं. दोन खाली, एक वर. सारख्या अंतरावर.

तिने मेणावरून हलकेच अंगठा फिरवला. मग आत गेली, मोरीवरची कळशी ओढली आणि कळशीच्या गळ्याखाली अंगठा ठेवला. तिथे बघायची गरज नव्हती. लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा नळावर भांडी बदलतात म्हणून गुणाजीने तिथे हीच तीन टिंबं ठोकून दिली होती. आज पंचवीस वर्षं ती त्यांच्यावर अंगठा दाबून चाळभर ओरडत होती, "डोळे फुटले काय गो? माझ्या घोवाची खूण हाय ही!"

तिने पकड परत जागेवर ठेवून दिली.

दिवेलागणीला गुणाजी आला. घोषणा देऊन त्याचा आवाज बसला होता. फडक्यावर एकच नवं बटण होतं, कडा लखलखीत. त्याने ते उचललं. अंगठा सपाट अंगावरून फिरला आणि मध्येच थांबला.

"हे घासायचं राहिलं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

शेवंती चुलीपुढून उठली नाही. तिच्या बाजूला चिंचेने घासलेली कळशी पालथी घातली होती.

"दोन वर्षं तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?" ती म्हणाली. "राहिलं तर राहू दे."

"शेठ परत करील."

"करू दे. माल द्यायला मी जातंय ह्यापुढे." तिने फुंकणी जमिनीवर आपटली. "आणि खूण मागितली ना त्याने, उद्या जाताना ही कळशी नेतंय."