पांढऱ्या वाळूचा किनारा

आमचं घर म्हणजे खाली फोटो स्टुडिओ आणि वर राहायच्या खोल्या. सासरे फोटोग्राफर, नवरा फोटोग्राफर, आणि मी संगणकासमोर बसून गिऱ्हाइकांच्या गालावरचे फोड पुसणारी. त्यामुळे आमच्याकडे काहीही ठरवायचं म्हटलं की आधी ते दिसतं कसं यावर वाद. पडद्याचं साधं कापड आणायचं असलं तरी तिघांची तीन तोंडं तीन दिशांना. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, या घरात ताटातलं अन्नसुद्धा आधी डोळ्यांनी खातात आणि मग गार झालं म्हणून माझ्यावर चिडतात.

अशा घरात नेमकी सासऱ्यांची, बाबांचीच नजर जावी! समोरच्याचा चेहरा त्यांना दिसेनासा झाला होता. गडद काय, फिकं काय, एवढंच कळायचं, तेही मान वाकडी करून बघितलं तर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर घेऊन सांगितलं, की उरलंय तेही वर्षभरात जाईल, काही दाखवायचं राहिलं असेल तर आत्ताच दाखवून घ्या.

काय राहिलंय ते विचारायची गरजच नव्हती. बाबांनी समुद्र पाहिला नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या सहलीचे फोटो धुऊन दिले, पण स्वतः निघायचं म्हटलं की कुणाचं तरी लग्न आडवं यायचं. घेतलेलं लग्न सोडायचं नाही, हा त्यांचा नेम. बाकी सगळं परत करता येतं, लग्नाचा फोटो परत काढता येत नाही, असं म्हणायचे. सासूबाईंनी त्यापायी किती वेळा बांधलेली बॅग सोडली असेल, देव जाणे.

तर बेटावर जायचं ठरलं. राहायच्या ठिकाणची बाई फोनवर मोठी बोलघेवडी निघाली. म्हणाली, बेटाला दोन बाजू आहेत. एकीकडे पांढरी वाळू, काचेसारखं हिरवं-निळं पाणी, लाट म्हणाल तर नावाला. दुसरीकडे काळे खडक, काळपट वाळू आणि पुरुषभर उंचीच्या लाटा. तिथे पोहता येत नाही आणि गाज इतकी, की पाहुणे झोप होत नाही म्हणून तक्रार करतात. यात निवडण्यासारखं होतंच काय? आम्ही दोघं फोटो उघडून बसलो. नवरा म्हणाला, बाबांना आधीच कमी दिसतं, मग उजेड जास्त असेल तिथेच न्यायला हवं. मला ते शंभर टक्के पटलं. काळ्या किनाऱ्याचे फोटो तर मी नीट बघितलेही नाहीत.

बाबा तिथेच खुर्चीत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "लाटा कुठल्या बाजूला मोठ्या आहेत?"

"लाटांचं काय घेऊन बसलात बाबा," नवरा म्हणाला, "रंग बघा रंग. असा निळा तुम्ही जन्मात बघितला नसेल."

बाबा म्हणाले, बरं, उजेडातलं तुला कळतं. विषय मिटला.

किनारा फोटोतल्यापेक्षा सुंदर होता, हे खोटं कशाला बोलू? आम्ही दोघं तर हरखूनच गेलो. बाबांना छत्रीखाली आरामखुर्चीत बसवलं आणि दोन्ही बाजूंनी विचारत सुटलो, दिसतंय का, निळा कळतोय का. ते म्हणाले, "छान आहे." रोज तेच. छान आहे, स्वच्छ आहे, वारा बरा आहे. पाण्यात उभं केलं तर पाणी घोट्याएवढं, बादलीतल्यासारखं कोमट आणि गप्प. त्यांनी पायाने जरा चाचपून पाहिलं आणि पुढे खोल होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही हो, घाबरू नका. ते घाबरले नव्हतेच.

मग टोपी नाकापर्यंत ओढून घ्यायला लागले. एक दिवस बघते तर खुर्ची फिरवून, समुद्राकडे पाठ करून बसलेले. माझा तोल गेला. एवढा खटाटोप कुणासाठी केला आम्ही? मी जरा फटकारूनच म्हटलं, "बाबा, समुद्र तिकडे आहे."

ते ओशाळले. उठले, खुर्ची चाचपत फिरवली आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करून बसले. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, गहिवरून आलं असेल.

निघायच्या दिवशी सकाळची बोट होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने एक लग्न घेतलेलं होतं. धक्का बेटाच्या पलीकडच्या अंगाला, म्हणून टॅक्सी टेकडी चढून निघाली. आलो होतो याच रस्त्याने, पण रात्री, काचा लावून, आणि बाबा झोपेत होते. माथ्यावर वळण घेतलं आणि खिडकीतून तो आवाज आत आला. बाबा एकदम ताठ बसले.

"हे काय वाजतंय?"

टॅक्सीवाला म्हणाला, समुद्र आहे, आणखी काय!

बाबांनी गाडी थांबवायला लावली. स्वतःच दार उघडून उतरले आणि आवाजाच्या रोखाने कठड्यापर्यंत गेले, काठी गाडीतच विसरून. खाली काळे खडक होते. पाण्याची पांढरीशुभ्र भिंत उठायची, खडकावर फुटायची, पुन्हा सगळं काळं. बाबांनी मान वाकडी केली. हाताने हवेतच दाखवायला लागले, आली, आता फुटेल, फुटली. एकही चुकली नाही. त्यांना दिसत होतं. काळ्यावरचं पांढरं दिसत होतं. आणि आम्ही त्यांना पांढऱ्या वाळूत, पांढऱ्या उन्हात नेऊन बसवलं होतं, जिथे उन्हाची नुसती तिरीप लागून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. फोटोग्राफरचं घर आमचं, आणि एवढं कळू नये?

बाबा वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "मग इतके दिवस आपण कुठे बसलो होतो?"

नवरा म्हणाला, बोट जाऊ दे, आपण राहू, मी त्या लोकांना फोन करून दुसरा कुणी तरी बघायला सांगतो.

"लग्न घेतलंयस ना?" बाबा म्हणाले. "मग चल."

मी हात जोडले, रडले, नाही नाही ते बोलले. ते ऐकेनात. कठड्यावरचा हात मात्र लवकर सुटत नव्हता. एक लाट, मग आणखी एक, असं करत शेवटी टॅक्सीवाल्यानेच हॉर्न वाजवला, तेव्हा येऊन बसले.

गाडी उताराला लागली. नवरा पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हणाला, "पुढच्या वर्षी परत येऊ बाबा. नक्की."

"या की तुम्ही दोघं," बाबा म्हणाले. "फक्त या बाजूला राहा."