मावशीचा चेहरा आणि काळा अष्टकोन

बिस्किटांच्या पुड्यावर मावशीचा चेहरा होता. तो ठेवायचा की काढायचा, यावरून कारखान्यात सकाळपासून जुंपली होती.

कारखाना म्हणजे एक भट्टी, पीठ मळायचं यंत्र, पॅकिंगचं लांब टेबल आणि काचेच्या दाराआडचं छोटं ऑफिस. मालकीण मावशी. लेबलं आणि परदेशी ऑर्डरी तिची भाची सांभाळायची. भट्टी काकांकडे. ते सुरुवातीपासूनचे, त्यामुळे मावशीशी वाद घालायचा हक्क त्यांना होता आणि तो ते रोज बजावत.

"बिस्किट एक आणि लेबलं चार?" मावशी म्हणाली.

"देश चार आहेत ना." भाचीने पुडे टेबलावर मांडले. "या देशाला शंभर ग्रॅममध्ये किती साखर आहे ते हवं. याला शंभर ग्रॅमशी देणंघेणं नाही, माणूस एका वेळी जेवढं खाईल त्यात किती ते सांगा म्हणतो. आपण दोन बिस्किटं धरलीत."

"दोन खाऊन उठणारा माणूस आजारी असणार."

"या तिसऱ्याला रंग लागतात. कमी असेल तर हिरवा, जास्त असेल तर लाल. आपली चरबी पिवळी, मीठ हिरवं, साखर लालभडक."

"मीठ तरी पास झालं," भट्टीपासून काका म्हणाले.

"तुम्ही तिकडे लक्ष द्या, करपतंय," मावशी म्हणाली. करपत नव्हतं.

चौथा पुडा भाचीने जरा जपूनच पुढे केला. त्यावर काळा अष्टकोन होता आणि आत पांढऱ्या अक्षरांत 'साखर जास्त' असं लिहिलं होतं. "हा शिक्का ज्या पुड्यावर, त्यावर मुलांना भुरळ पाडणारं चित्र चालत नाही. म्हणजे तुझा चेहरा जाणार."

"मी काय कार्टून आहे?"

"हाताने रंगवलेला चेहरा म्हणजे कार्टूनच धरतात, मावशी."

चेहरा काढला होता एका पाट्या रंगवणाऱ्याने, मावशीच्या पासपोर्टच्या फोटोवरून. फोटो काढणाऱ्याने हसायचं नाही अशी तंबी दिली होती आणि पेंटरने ती इमानाने पाळली होती. तरी दुकानात गिऱ्हाईक नाव घेत नसे. मावशीचा पुडा द्या, एवढंच म्हणे. चेहरा गेला की पुडा दहांतला एक होणार, हे तिघांनाही कळत होतं.

"साखर थोडी उतरवली तर शिक्काच लागणार नाही," भाची म्हणाली. "मग चेहऱ्यालाही कोणाची हरकत नाही."

"मी जिवंत असेपर्यंत तरी नाही. कमी साखरेचं बिस्किट म्हणजे औषध."

मग भाचीने दुसरी वाट काढली. त्या देशाच्या लेबल खात्याकडे तिने अर्ज केला की हे चित्र मुलांना आकर्षित करणारं नाही, सबब राहू द्यावं. मावशीने आनंदाने सही ठोकली. "कायद्याला कायद्यानेच चीत करायचं."

पुढच्या आठवड्यात खात्यातल्या तपासनीस बाई ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आल्या. फार सभ्य बाई.

"तुमचा अर्ज मंजूर आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही चित्र पाळणाघरातल्या मुलांना दाखवलं. कोणीही पुड्याकडे हात नेला नाही."

"एकानेही?" मावशीने विचारलं.

"नाही. एक मूल रडलं. दुसऱ्याने स्वतःहून खेळणी आवरून ठेवली. तेव्हा चित्र आकर्षक नाही, असा खात्याचा स्पष्ट निष्कर्ष आहे. अभिनंदन."

पडदा काळा झाला. भाचीने टाळी वाजवली आणि मावशीचं तोंड बघून दुसरी वाजवली नाही.

"जिंकलो की," काका दारातून म्हणाले. "सरकारी शिक्कामोर्तब झालं. मी इतकी वर्षं सांगतोय, माझं कोणी ऐकत नव्हतं."

"रडलं म्हणे," मावशी म्हणाली.

"मावशी, लहान मूल ते. भूक लागली असेल."

"समोर बिस्किटाचा पुडा असताना भुकेने रडलं?"

मावशी उठली आणि थेट यंत्रापाशी गेली. पोत्यातून काढलेली साखर वजनकाट्यावर तयार होती. तिने फावडीभर साखर परत पोत्यात टाकली. जरा थांबली आणि अजून थोडी टाकली.

"बाई, औषध होईल हं," काका म्हणाले.

"तुम्ही भाजा. लोणी जरा जास्त तांबूस करून घाला, वास सुटला पाहिजे. तुमची अक्कल वापरायला इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा सांगतेय."

पहिली खेप फसली. तोंडात पुठ्ठा आल्यासारखं वाटलं आणि ते काकांनीच आधी बोलून दाखवलं. पुढच्या खेपेला भाजण्याचा खमंग वास ऑफिसापर्यंत आला. मावशीने एक बिस्किट खाल्लं. दुसरं खाल्लं. भाची आणि काका तिच्या हाताकडे बघत उभे राहिले. हात जरा वेळ टेबलावर रेंगाळला आणि मग तिसऱ्याकडे गेला.

"प्रयोगशाळेत पाठव," ती भाचीला म्हणाली. "अष्टकोन निघतोय का बघ. आणि त्या पेंटरला फोन लाव."

"चित्र तर मंजूर झालंय ना?"

"ते त्यांच्याकडेच राहू दे. या वेळी मी हसणार आहे. दात दिसले तरी चालतील म्हणावं."

"म्हणजे आता दुसरंही मूल रडायचं," काका म्हणाले आणि मावशीने फावडी उचलायच्या आत भट्टीकडे पळाले.