तव्यावरचे सहा आठवडे

मित्रांनो, मला एका हाताने उचलायला जाऊ नका, मनगट लचकेल. मी बिडाचा तवा आहे, काळा, जाड आणि आता बराच जुना. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. ओतताना एक बुडबुडा राहून गेला, म्हणून माझ्या कडेला छोटा खळगा आहे. त्यामुळे दुकानात मला कुणी घेत नव्हते. शेवटी नवे लग्न झालेले एक जोडपे आले. नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता. त्याने मला बोटाने वाजवून पाहिले आणि म्हणाला, "आवाज खणखणीत आहे. तडा नाही. घेऊ या."

त्याच्या बायकोने मला चौतीस वर्षे वापरले. मटणाचे चाप, कलेजी, खिमा, सगळे माझ्यावर झाले. कारखान्यातले सोबती जेवायला आले की विचारत, "वहिनी, तवा कुठून आणला?" ती म्हणे, "करा तव्याचंच कौतुक. मी आपली नुसती शेजारी उभी असते." पण पाहुणे गेल्यावर ती मला धुऊन आचेवर कोरडे करी आणि तेलाचा हात फिरवी. एक दिवसही ती हे विसरली नाही.

मग ती आजारी पडली. आठ दिवस दवाखान्यात होती. परत आली नाही.

फिटर तोवर निवृत्त झाला होता. त्याने मला बेसिनमध्ये पाण्यात टाकले आणि तिथेच ठेवले. मला गंज चढला. तुम्हाला वाटेल, मी फार दुःखी झालो असेन. खरे सांगतो, मला काही वाटले नाही. बीड थंड झाले की थंडच राहते. तोही तसाच झाला होता. बाहेरून काहीतरी मांसाचे आणायचा, ओट्याशी उभ्यानेच खायचा आणि कागद चुरगळून टाकायचा. मुलीचा फोन आला की "बरं" म्हणायचा.

ही मुलगी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. सहा महिन्यांनी ती एक कागद घेऊन आली.

"बाबा, रक्तातली चरबी खूप वाढलीये. डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे मटण, चिकन सगळं बंद करून बघा. मासे, अंडी, भाजीपाला चालेल. मग पुन्हा तपासू."

"बरं."

"मीही तेच खाणार आहे. दर बुधवारी जेवायला इकडेच येईन."

"बरं."

तिने लगेच फ्रीजर रिकामा करायला घेतला. पाकिटे, पुड्या, सगळे एका पिशवीत गेले. तळाशी बर्फात रुतलेला एक डबा निघाला. "खिमा दिसतोय. किती जुना आहे कोण जाणे," ती म्हणाली. मला ठाऊक होते. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी बायकोने तो माझ्यावरच केला होता. फिटर दारात उभा होता. त्याचा हात थोडा वर आला आणि खाली गेला. डबा पिशवीत पडला. 

दुसऱ्या दिवशी त्याने मला वरवर खरवडले आणि एक बांगडा टाकला. मासा मला असा चिकटला की सोडवताना त्याचा चुरा झाला. त्याने तो चुरा काट्यांसकट चिवडून खाल्ला. पुढचे दोन आठवडे हेच चालले. मुलगी बुधवारी येई, तीही तो चुरा निमूट खाई आणि "छान झालाय" म्हणे. दोघांनाही ते खोटे आहे हे माहीत होते.

तिसऱ्या आठवड्यात त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मासळी बाजारात नेले. बिघडलेला भाग जाणकाराला दाखवायचा, ही त्याची कारखान्यातली सवय. त्याने मला मासेवालीच्या फळीवर ठेवले.

"तवा बिघडलाय का, बघता का जरा?"

मासेवालीने हात पुसले आणि मला उलटेपालटे करून पाहिले. "दादा, तव्याला काही झालेलं नाही, त्याची उपासमार झालीये. गंज घासून काढा. तेल लावून तापवा, थंड होऊ द्या, परत लावा. चार वेळा करा. आणि मासा टाकला की लगेच उचकटू नका. खालून भाजला की तो आपला आपण सुटतो."

"किती वेळ थांबायचं?"

"कुठे जायची घाई आहे का?"

त्याने विचार केला. "नाही," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने पॉलिश कागदाने मला घासले. चार वेळा तेल, चार वेळा आच. चेहऱ्यावर काही नव्हते, पण हात आपले काम विसरले नव्हते. पुढच्या बुधवारी मासा अख्खा सुटला, कातडीसकट, कुरकुरीत.

मुलीने घास घेतला. "आईला मासा असा कधी जमला नसता. तिला तर वासही सहन व्हायचा नाही."

त्याने ताट खाली ठेवले. "तू टाकलास तो खिमा तुझ्या आईने केलेला होता. शेवटचा."

मुलीचा हात थांबला. "तेव्हा का नाही बोललात, बाबा?"

"बोलावंसं वाटलं नाही. काहीच वाटत नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही."

"तुम्ही तो खाणार होतात?"

"नाही. नुसता होता तिथे."

ती ओट्याला टेकून जमिनीवर बसली आणि रडू लागली. तो रडला नाही. गुडघे दुखत असूनही हळूहळू तिच्या शेजारी बसला. मग माशाचे काटे काढून एकेक तुकडा तिच्या ताटात ठेवत राहिला.

सहा आठवडे संपले. चरबी बऱ्यापैकी उतरली होती. डॉक्टरांनी अधूनमधून मटणाला परवानगी दिली. त्याने एका दुपारी चाप केले, अर्धे खाल्ले, उरलेले झाकून ठेवले. इथून पुढे सगळे छान झाले असे सांगायला मला आवडले असते. तसे झाले नाही. कधीकधी तो अजूनही उभ्यानेच जेवतो.

पण त्यानंतरच्या बुधवारी, यायचे कारण उरले नव्हते तरी मुलगी आली. जेवली. निघताना ती चपला घालत होती, तेव्हा त्याने विचारले, "पुढच्या बुधवारी कुठला मासा आणू?"

"तुम्हाला हवा तो."

"मला काय हवंय ते कळत नाही गं. तूच सांग."

 "बांगडाच आणा," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्याची निगा सोपी असते. वापरा, धुवा, लगेच कोरडे करा, तेल लावा. पण तुमच्या जवळचे कुणी असे गप्प झाले असेल, तर त्यांच्याबरोबर जेवायला बसा. त्यांना काय हवे ते सांगता येईलच असे नाही. ठरलेल्या दिवशी जात मात्र राहा.